स्थळ : ऑलिंपस

ग्रीक देवांच्या कथा वाचायला बसलं की तासाभरात एक गोष्ट ध्यानात येते. या मंडळींना उद्योग नाही. झ्यूसकडे वीज आहे, पण ती काही रोज टाकावी लागत नाही. उरलेला वेळ तो कधी बैल होऊन, कधी हंस होऊन, एकदा तर सोन्याचा पाऊस होऊन दुसऱ्यांच्या लेकीसुनांच्या मागे असतो. अपोलो वाजवतो. आर्टेमिस शिकारीला जाते. डायोनायसस पितो आणि दुसऱ्यांना पाजतो. आरेस हा युद्धाचा देव, पण ट्रॉयच्या लढाईत एका माणसाचा भाला पोटात लागला तेव्हा नऊ-दहा हजार माणसांच्या आवाजात किंचाळत बापाकडे तक्रार घेऊन पळाला. संध्याकाळी सगळे जमतात, नेक्टर पितात आणि खाली माणसं मरताना बघत आपण कोणाच्या बाजूचे यावर वाद घालतात.

या खानदानात सकाळी उठून कामाला जाणारा एकच आहे. हेफेस्टस. धंदा लोहाराचा. पायाने अधू, छाती केसाळ, अंगावर काजळी. माझा आवडता देव हाच.

आवडतो म्हटल्यावर माहिती काढणं आलं, आणि आमच्या घरात माहिती काढण्याचं खातं आत्याकडे आहे. तिने आजवर किती स्थळांच्या चौकशा केल्या याचा हिशेब तिलाही नाही. मुलगा सातारचा असो की न्यू जर्सीचा, त्याच्या घरी दुधाचं बिल थकलंय का इथपर्यंत ती पोचायची. मुलगा काय म्हणतो ते ऐकायचं नाही, शेजारी काय म्हणतात ते ऐकायचं, हा तिचा खाक्या. हेफेस्टसचे शेजारी म्हणजे होमर आणि हेसिअड. दोघेही साधारण पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचे, आणि एकाचं सांगणं दुसऱ्याशी जुळत नाही. म्हणजे शेजारी अगदी अस्सल.

“बाप कोण?” आत्याने सुरुवात केली.

होमर म्हणतो, झ्यूस. हेसिअड म्हणतो, बापच नाही. झालं असं, की झ्यूसने अथेनाला परस्पर स्वतःच्या डोक्यातून जन्म दिला. हेरा भडकली. तुम्हाला माझ्यावाचून मूल होतं काय, मग मलाही तुमच्यावाचून होईल, असं म्हणून तिने एकटीने हेफेस्टसला जन्माला घातलं. इथपर्यंत आत्या मान डोलावत होती. नवराबायकोच्या ईर्ष्येतून झालेली मुलं तिने पाहिलेली आहेत. पण पुढे पिंडार नावाचा कवी येतो आणि सांगतो, की अथेना बाहेर यावी म्हणून झ्यूसच्या डोक्यात कुऱ्हाड घातली ती हेफेस्टसने. जुन्या ग्रीक भांड्यांवर तर याची चित्रंच आहेत. झ्यूस आसनावर बसलाय, त्याच्या टाळूतून चिमुकली अथेना ढालीसकट वर येतेय आणि बाजूला कुऱ्हाड घेतलेला हेफेस्टस काढता पाय घेतोय.

“थांब,” आत्या म्हणाली. “म्हणजे जिच्या जन्माच्या रागातून हा जन्मला, तिच्या बाळंतपणाला हा हजर?”

“नुसता हजर नाही. सुईणच तो.”

“याची जन्मतारीख १ जून लावून टाक,” आत्या म्हणाली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली. “पायाला काय झालं?”

इथे मात्र खरी गंमत आहे, आणि ती मला आत्यामुळेच दिसली. ‘इलियड’च्या पहिल्या सर्गात झ्यूस आणि हेरा यांचं देवांच्या भर पंक्तीत वाजतं. हेफेस्टस मध्ये पडतो. आईला म्हणतो, जाऊ दे, सोसून घे. मागे एकदा तुझी बाजू घ्यायला गेलो तर बाबांनी पाय धरून मला आकाशातून फेकलं होतं, दिवसभर पडत होतो, सूर्य मावळता मावळता लेम्नॉस बेटावर आदळलो. अठराव्या सर्गात समुद्रदेवी थेटिस त्याच्या घरी येते, तेव्हा तो वेगळीच हकीकत सांगतो: मी लंगडा जन्मलो म्हणून आईला लाज वाटली आणि तिने मला फेकलं, थेटिस आणि युरिनोमी यांनी झेललं म्हणून वाचलो. काव्य एक, बोलणारा एक, आणि फेकणारे दोन. पंडितांनी यातून वाट काढण्यासाठी त्याला दोनदा फेकलं असं ठरवून टाकलंय. आत्याला असली कसरत करावी लागली नाही.

“आईसमोर बापाची तक्रार आणि पाहुणीसमोर आईची,” ती म्हणाली. “मुलगा खरं बोलतोय.”

पडण्याच्या वेळेचाही एक हिशेब आहे. हेसिअड सांगतो, की काशाची ऐरण आकाशातून सोडली तर पृथ्वीवर पोचायला तिला नऊ दिवस आणि नऊ रात्री लागतात, दहाव्या दिवशी ती टेकते. ऐरणीला नऊ दिवस, आणि होमरचा लोहार त्याच दिवशी संध्याकाळी हजर. गॅलिलिओने हे दोघे एकत्र वाचले असते तर फार अस्वस्थ झाला असता.

झेललेल्या त्या दोघींकडे, समुद्राच्या पोटातल्या गुहेत तो नऊ वर्षं राहिला. तिथे त्याने काय केलं? रडला नाही, शाप दिले नाहीत, तप केलं नाही. दागिने घडवले. पिना, वेढी, हार. हात बसवून घेतला म्हणायचं. आणि मग आईसाठी एक भेट पाठवली: सोन्याचं सिंहासन. हेरा मोठ्या कौतुकाने त्यावर बसली आणि उठताच येईना. न दिसणाऱ्या बेड्यांनी तिला आसनाशी जखडून टाकलं होतं.

या देवाचं मला सगळ्यात काय आवडतं असेल तर हे. बाकीच्यांचा राग शाप, वीज, रोगराई, महापूर असल्या रूपांनी येतो आणि भलत्याच माणसांवर पडतो. याचा राग तयार मालाच्या रूपात येतो. नक्षी उत्तम, काम चोख, आणि आत चाप.

देवांना ती बेडी काही सोडवता येईना. आरेस तलवार परजत गेला तो ठिणग्यांचा मारा खाऊन परत आला. शेवटी डायोनायससने ग्रीकांचा नेहमीचा राजनैतिक उपाय केला: हेफेस्टसला भरपूर दारू पाजली, खेचरावर बसवलं आणि वाजतगाजत ऑलिंपसवर आणलं. ही वरात फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातल्या एका मोठ्या भांड्यावर आहे. इ.स.पू. ५७०च्या सुमाराचं भांडं, क्लिटिअस नावाच्या चित्रकाराने रंगवलेलं. खेचरावर डुलणारा हेफेस्टस, पुढे डायोनायसस, आणि तिकडे आसनाला चिकटलेली हेरा. १९०० साली संग्रहालयातल्या एका रखवालदाराने रागाच्या भरात त्यावर लाकडी स्टूल भिरकावलं आणि भांड्याचे ६३८ तुकडे झाले. ते पुन्हा जोडले आहेत. पण बसायच्या वस्तूंचं या कुटुंबाशी काहीतरी वाकडं असावं, अशी माझी खात्री झाली आहे.

“पितो म्हणजे,” आत्या म्हणाली.

“एकदाच. तेही लोकांनी पाजली.”

“सगळे असंच सांगतात.”

त्यानंतर मी तिला त्याचं कामाचं ठिकाण दाखवायला नेलं, म्हणजे अठराव्या सर्गात. अकिलिसचं चिलखत शत्रूच्या हाती गेलंय, दुसऱ्या दिवशी लढायचंय, म्हणून त्याची आई थेटिस रातोरात चिलखत घडवून मागायला येते. हेफेस्टस घामाने निथळत भात्यांभोवती फिरतोय. वीस तिपाया करायला घेतल्यात. प्रत्येकीला सोन्याची चाकं. देवांच्या सभेत त्या आपल्याआप चालत जाणार आणि काम झालं की आपल्याआप घरी येणार. कड्या बसवायच्या राहिल्यात, त्यांचे खिळे ठोकणं चालू आहे. होमर हे राहिलेलं काम आवर्जून सांगतो, आणि कारखान्यात कधी डोकावलेल्या कोणालाही पटेल की हा माणूस खरोखर लोहाराच्या दारात उभा राहिला असणार.

“जेवणं झाली की तिपाई आपली आपण मोरीशी जाते?” आत्याने विचारलं. या संपूर्ण चौकशीत तिच्या आवाजात लोभ आला तो इथेच.

पाहुणी आली आहे असं कळल्यावर तो काय करतो, ते मी तिला सावकाश वाचून दाखवलं. भाते विस्तवापासून बाजूला करतो. हत्यारं गोळा करून चांदीच्या पेटीत ठेवतो. स्पंजने तोंड पुसतो, दोन्ही हात, जाड मान, केसाळ छाती. अंगरखा चढवतो, जाडजूड काठी घेतो आणि लंगडत बाहेर येतो. होमरच्या दुसऱ्या कुठल्याही देवाला मी हत्यारं आवरून ठेवताना पाहिलेलं नाही. झ्यूसच्या विजा कोण आवरतं देव जाणे.

आणि त्याला आधार देत दोन्ही बाजूंनी चालतात त्या सोन्याच्या दासी. त्याने स्वतः घडवलेल्या. त्यांना बुद्धी आहे, वाचा आहे, ताकद आहे, कामं शिकलेल्या आहेत. एड्रिएन मेयर या विदुषींनी २०१८ साली ‘गॉड्स अँड रोबोट्स’ नावाचं पुस्तक लिहून ग्रीकांची असली सगळी यंत्रं एकत्र मांडली आहेत, आणि त्यात बहुतेक ठिकाणी कारागिराचं नाव एकच येतं. क्रीटच्या किनाऱ्यावर पहारा देणारा काशाचा राक्षस टॅलॉस, अल्सिनोअस राजाच्या दारातली सोन्याचांदीची राखणीची कुत्री, सगळा याचाच माल. देवांची राहती घरंही यानेच बांधली. अ‍ॅगमेम्नॉनचा राजदंड मुळात याने झ्यूससाठी केला होता. तो हातोहात खाली येत राजांपर्यंत पोचला. त्या घराण्यात काय काय घडलं ते पाहता देवांनी वापरलेल्या वस्तू न घेतलेल्या बऱ्या.

अकिलिसची ढाल मात्र न्याहाळून बघण्याजोगी आहे. पाच थरांची. गिऱ्हाईक योद्धा, मागणी युद्धासाठी, तर एखाद्याने त्यावर चार राक्षस कोरले असते. हा त्यावर अख्खं जग कोरतो. एका गावात लग्नाची वरात चाललीय आणि चौकात रक्ताच्या भरपाईचा खटला. दुसऱ्या गावाला वेढा पडलाय. पलीकडे नांगरणी, आणि तासाच्या शेवटी पोचलेल्या नांगऱ्याच्या हातात एकजण दारूचा पेला देतोय. सुगी, द्राक्षांची तोडणी, गुरांवर पडलेले सिंह, भुंकणारी पण चावायला न धजावणारी कुत्री, आणि नाचणारी तरुण मुलं. ज्याच्यासाठी हे चाललंय तो पोरगा लवकरच मरणार आहे हे थेटिसला माहीत आहे, हेफेस्टसलाही. चिलखत देऊ शकतो तसं मरणापासूनही त्याला लपवता आलं असतं तर, असं तो म्हणतो आणि ऐरणीकडे वळतो. सकाळी माल तयार.

“पैसे किती घेतले?”

“काहीच नाही. तिने लहानपणी सांभाळलं होतं ना.”

आत्या काही बोलली नाही. मुलाने उपकार लक्षात ठेवणं ही तिच्या लेखी पगारापेक्षा मोठी बाब.

शिवाय हा ग्रीकांच्या बाजूचा, पण ट्रॉयमध्ये त्याचा एक पुजारी होता. डॅरिस. त्याचे दोन मुलगे लढाईत उतरले, एक पडला. दुसऱ्याला हेफेस्टसने अंधारात गुंडाळून तिथून उचललं, म्हाताऱ्याचा वंश अगदीच बुडू नये म्हणून. राजकारण एकीकडे, घरचा भटजी दुसरीकडे.

नोकरीतल्या अडचणी त्यालाही होत्याच. अग्नी चोरून माणसांना दिल्याबद्दल प्रॉमिथिअसला कड्याला जखडायचा हुकूम झाला तेव्हा काम आलं याच्याकडे. एस्किलसच्या नावावर असलेल्या नाटकात हेफेस्टस खिळे ठोकतोय आणि सत्ता नावाचं पात्र शेजारी उभं राहून बजावतंय: अजून जोरात, अजून घट्ट, तिथे ढिलं राहिलंय. हेफेस्टस आपल्याच कसबाला दूषणं देतो, पण ठोकतो. लक्षात घ्या, चोरी झाली ती याच्याच विस्तवाची. मालक तक्रार करत नाही, आणि शिक्षेची घाई बाकीच्यांना.

“बायको?” आत्याने शेवटी ते विचारलंच.

‘इलियड’मध्ये त्याची बायको कॅरिस, घरंदाज, पाहुणीला हात धरून आत नेणारी. हेसिअडकडे अग्लाइया. आणि ‘ओडिसी’मध्ये अ‍ॅफ्रोडाइटी, साक्षात सौंदर्याची देवी. हे तिसरं लग्न ज्याने जुळवलं त्याला आत्याच्या ताब्यात द्यायला हवं. कारण अ‍ॅफ्रोडाइटीचं आरेसशी जमलं, तेही नवऱ्याच्याच घरात. सूर्यदेव हेलिओस वरून सगळं बघतो, त्याने येऊन सांगितलं. स्पेनच्या वेलाझ्क्वेझने १६३० साली हा क्षण रंगवला. चित्र आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. डोक्याभोवती तेजोवलय घेतलेला सूर्यदेव, चेहरा मात्र अपोलोचा, भट्टीच्या दारात बोट वर करून भर कामाच्या वेळेत, सगळ्या कामगारांसमोर ही बातमी देतोय. कामगारांचे हात जागच्या जागी थिजलेत. लोखंड तापलेलं, कान त्याहून तापलेले. एवढ्या तेजस्वी देवाला माणूस बाजूला घेऊन सांगायचं सुचलं नाही.

हेफेस्टसने काय केलं ते आता सांगायला नको. कामाला बसला. कोळ्याच्या जाळ्याइतक्या बारीक साखळ्यांचं जाळं विणलं, पलंगाभोवती टांगलं आणि लेम्नॉसला जातो म्हणून निघाला. दोघं सापडली. मग त्याने दारात उभं राहून सगळ्या देवांना हाक मारली. देव आले, देवी लाजेखातर घरी थांबल्या. देव पोट धरून हसले. अपोलोने हर्मीसला विचारलं, असा जखडून पडायला तयार होशील का. हर्मीस म्हणाला, याच्या तिप्पट साखळ्या चालतील आणि देवीसुद्धा येऊन बघू देत. एकटा पोसायडन हसला नाही.

या सगळ्या गोंधळात हेफेस्टसची मागणी काय, तर लग्नात सासऱ्याला दिलेलं देज परत पाहिजे. आणि सासरा म्हणजे झ्यूस. पोसायडन म्हणाला, आरेसला सोड, त्याच्याकडचा दंड मी भरवतो. त्यावर याने आधी अडवून धरलं: लफंग्याला जामीन राहण्यात अर्थ नाही, आणि तो पळाला तर तुला मी बांधून घालणार आहे का? पोसायडनने स्वतः भरायची हमी दिली तेव्हा कुठे जाळं सुटलं. आरेस थ्रेसला पळाला, अ‍ॅफ्रोडाइटी सायप्रसला. पैसे मिळाले की नाही, याबद्दल होमर गप्प आहे.

“मिळाले नसणार,” आत्या म्हणाली. “अशा वेळी भरवतो म्हणणारे नंतर भेटत नाहीत.”

मला तरी त्यानंतरच्या गोष्टी जास्त बोचतात. अ‍ॅफ्रोडाइटी आणि आरेस यांची मुलगी हार्मोनिया हिच्या लग्नात एक अप्रतिम हार आला. तो याचाच. एका कथेप्रमाणे त्यात शाप होता, आणि थीब्जच्या राजघराण्यात तो ज्याच्या हाती गेला त्याचं वाटोळं झालं. इथे पुन्हा तेच: राग, पण कारागिरीत मढवलेला. उलट व्हर्जिलच्या ‘इनीड’मध्ये हीच बायको रात्री लाडीगोडी लावून आपल्या दुसऱ्या संबंधातल्या मुलासाठी, इनियससाठी, ढाल मागते आणि हा मध्यरात्री उठून भट्टीवर जातो. बायकोने फसवलं त्याची शिक्षा एकदाच; गिऱ्हाईक म्हणून आली तर काम पहिल्यासारखंच.

अथेन्समध्ये त्याचं देऊळ आहे, बाजारपेठेवरच्या टेकडीवर, एकेकाळी आसपास लोहार आणि कुंभारांचीच वस्ती. इ.स.पू. ४४९च्या सुमारास बांधायला घेतलेलं, आणि ग्रीसमधल्या जुन्या देवळांत इतकं धड उरलेलं दुसरं क्वचितच सापडेल. पार्थेनॉनचं छत उडालं, याचं बरंचसं शाबूत आहे. लोहाराचं देऊळ टिकणारच. पण त्याच्यावरच्या शिल्पांत थीसिअसचे पराक्रम कोरलेले, त्यामुळे लोकांनी शतकानुशतकं ते थीसिअसचं समजलं. मध्ये ते संत जॉर्जचं चर्च होतं. आता संशोधकांनी मालकी हेफेस्टसच्या नावावर करून दिली असली, तरी जवळच्या मेट्रो स्टेशनचं नाव अजून थिसिओच आहे. आत पूर्वी अल्कामिनीस या शिल्पकाराने केलेली त्याची मूर्ती होती, असं मानतात. सिसेरो लिहितो, की अथेन्समधल्या अल्कामिनीसच्या मूर्तीत त्याचं लंगडणं कपड्याआडून अगदी पुसट जाणवायचं आणि तरी तो बेढब दिसायचा नाही.

सगळ्यांत मोठा हेफेस्टस मात्र ग्रीसमध्ये नाही. रोमनांनी त्याला व्हल्कन या नावाने आपलासा केला, आणि त्या नावाने तो अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात उभा आहे. छप्पन्न फूट उंच, बिडाचा. शहर लोखंडावर उभं राहिलेलं, म्हणून १९०४ सालच्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी जुसेप्पे मोरेत्ती या शिल्पकाराकडून तो करून घेतला. ऐरण शेजारी, हातात नुकतंच घडवलेलं भाल्याचं पातं, ते वर धरून सरळ झालंय का बघतोय. प्रदर्शन संपलं. तो सुट्या भागांत परत आला आणि बराच काळ रेल्वेच्या कडेला पडून राहिला. देवांनी फेकलं होतं, आता पालिकेची पाळी. नंतर जत्रेच्या मैदानात उभा केला, तोही हात चुकीचा जोडून. भाल्याचं पातं हरवलं होतं, म्हणून त्या हातात जाहिरातदार येईल ते देऊ लागले. कधी आइस्क्रीमचा कोन, कधी लोणच्याची काकडी. १९३०च्या दशकात त्याला रेड माउंटन टेकडीवर नेलं. १९४६ साली त्याच्या हातात दिवा दिला: एरवी हिरवा, शहरात रस्त्यावर कोणी दगावलं की लाल. तो इमानाने ती ड्यूटी करत राहिला. १९९९ साली खाली उतरवून डागडुजी केली, आणि २००४ साली बाग पुन्हा उघडली तेव्हा त्याच्या हातात भाल्याचं पातं परत आलं होतं.

अंगावर त्याच्या लोहाराचा एप्रन आहे. तेवढाच. पाठीमागून काही नाही, आणि पाठ होमवुड नावाच्या उपनगराकडे आहे. तिथल्या रहिवाशांनी यावर विनोद केले, कोणी गाणंही केलं, आणि कुणी त्याला चड्डी घालावी म्हणून सुचवलंही. अजून घातलेली नाही. आत्याला मी फोटो दाखवला तो समोरून काढलेला.

“हात बघ कसे आहेत,” ती म्हणाली. “पुढचं सांग, धाकटा भाऊ कोण?”

आता आरेसबद्दल काय सांगू, याची जुळवाजुळव चालली आहे.